छबूबाईच्या दारातलं गवत

ब्राह्मणपुरीत छबूबाईचं नाव निघायचं ते तिच्या निंदणीमुळे. तिने कापसाची पात धरली की मागे गवताची काडी राहायची नाही. साठी उलटली तरी बाया तिच्याच शेताचा दाखला द्यायच्या. अशा बाईच्या दारात सुनेने, हेमांगीने, चक्क गवत लावलं! तेही शहाद्याच्या नर्सरीतून विकत आणून. फाटकापासून ओट्यापर्यंत जांभळ्या तुऱ्यांची सहा बेटं. शोभेचं गवत म्हणे.

निंदणीला जाणाऱ्या बाया रोज फाटकाशी थबकायच्या. शेजारची धनुबाई तर टपलेलीच असायची.

"काय वं छबू, तुन्हा दारनी निंदणी कधय शे?"

छबूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चाळीस वर्षांची अब्रू या गवताने खाल्ली, दुसरं काय!

माघात हेमांगी आठ दिवस तळोद्याला माहेरी गेली आणि छबूबाईला रान मोकळं मिळालं. खुरप्याने मुळासकट उपटलं असतं, तर सुनेने सासूचा हात लगेच ओळखला असता. म्हणून तिने डोकं चालवलं. विळ्याने सगळी बेटं वीतभर ठेवून कापली, म्हशीला त्यांच्यामधून दोनदा फिरवून आणलं आणि खुरांचे ठसे नीट उमटल्यावर पुन्हा दावणीला बांधलं. उरलेले बुडखे उन्हाने आपोआप जळतील, असा तिचा बेत.

हेमांगी परत आली. वाकून तिने एकेक बुडखा पाहिला.

"म्हैस सुटी गयी व्हती वं माय," छबूबाई तोंडाला पदर लावून म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या, आई." एवढंच बोलून सून आत गेली. बुडख्यांना रोज पाणी मात्र घालत राहिली. छबूबाईला जरा वाईट वाटलं. जरा म्हणजे जराच.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणापर्यंत बेटं कमरेला लागली. पहिल्यापेक्षा दुप्पट दाट आणि तुरेच तुरे. सणाला आलेल्या माहेरवाशिणी फाटकाशी उभ्या राहून फोटो काढू लागल्या. धनुबाईसुद्धा चिडवायचं विसरली.

"मागला साल असं नव्हतं. काय करं वं, हेमांगी?"

"मी काहीच नही करं, काकू. आमनी म्हैसनी करं. माघमा ईतभर ठेईसन कापनं पडस, तव्हयच असं फुटस. अन् तिनी कशी कापी टाकं! एक बी बेट वर-खाल नही."

बाया कौतुकाने गोठ्याकडे वळल्या. धनुबाई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "इतलं सारखं कापनं आख्खा गावमा कोनलेच नही जमाव."

छबूबाईने ओठ आवळून धरले. पण किती वेळ धरणार?

"म्हैसले काय डोंबलं समजस! मी कापं ते, मी! मन्हा विळाघाई!"

सगळ्या बाया म्हशीला सोडून छबूबाईकडे बघू लागल्या.

"माले माहीत शे, आई," हेमांगी हसू दाबत म्हणाली. "पुढला माघमा बी मी आठ दिन माहेर जासू."