नानांचं पेपरवाचन

“मोडी जाई ना ते. पोरनी वस्तू शे,” यशोदाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

“मोडत नही. हाई बिजागरी दख, पुरी फिरस.” रुपचंदनानांनी लॅपटॉपचा पडदा मागे, आणखी मागे नेला. तो पार पाठीला टेकला, बटणं खाली गेली आणि हातात नुसती पाटी राहिली.

पारोळ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला त्या यंत्रात आधी बिजागरीच आवडावी, यात नवल नाही. मुलीने, मयुरीने, स्वतःला नवा घेतला म्हणून हा जुना दिवाळीत आणून दिला होता. वाचा, व्हिडिओ बघा, म्हणाली. नाना चार दिवस नुसते त्याला उलटसुलट करत बसले. तंबूसारखा उभा राहतो हे कळल्यावर यशोदाबाईंनी तो ओट्यावर मांडला आणि भरताचा व्हिडिओ लावून घेतला.

“हाई बाई वांगं गॅसवर भाजस. कपाशीन्या काड्या नही मियन्यात का इले?” असं म्हणत त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

पाचव्या दिवशी नानांनी पेपर उघडला. मयुरीने शिकवल्याप्रमाणे पडद्यावर दोन बोटं ठेवून फाकवली. अक्षरं बोराएवढी झाली. नाना बराच वेळ त्यांच्याकडे बघतच राहिले.

गोष्ट अशी, की दोन वर्षांपासून त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. साखरेने डोळे बिघडवले होते. आता चष्म्याने काही होणार नाही, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं नानांनी घरी सांगितलंच नाही. यशोदाबाईंना वाचता येत नाही. लग्न झाल्यापासून दुपारच्या चहाला नाना पेपर मोठ्याने वाचत आणि त्या ऐकत. एरवी घरात नानांचं कोण ऐकतं? तो अर्धा तास तेवढा त्यांच्या हक्काचा होता, आणि तो त्यांच्याने सुटेना. म्हणून ते मोठा मथळा वाचत आणि खालची बातमी पदरची जोडत.

आता यंत्रात जुने अंकही सापडले. आपण काय ठोकून दिलं आणि खरं काय घडलं, हे ताडून पाहायची नानांना भारी हौस वाटली. नरडाण्याच्या नव्या कारखान्यात त्यांनी बिस्किटं बनवली होती, तिथे निघाले प्लॅस्टिकचे पाइप. नाना एकटेच हसत. एकेक दिवस मागे जात ते गणपतीपर्यंत पोचले. भडगावजवळ आलेला बिबट्या त्यांनी त्याच दुपारी पिंजऱ्यात घातला होता. खरा बिबट्या केळीच्या बागेतून निसटला होता. नानांनी हसत हसतच त्याच अंकाचं पुढचं पान काढलं.

त्या पानावर निधनवार्तेत धुरपदाबाईंचा फोटो होता. भडगावच्या धुरपदाबाई, यशोदाबाईंची लहानपणची मैत्रीण. गिरणा नदीवर दोघींनी मिळून धुणी धुतलेली.

नानांनी अंकाची तारीख पुन्हा पाहिली. आमच्याकडे मयताच्या दारावर जाऊन बसणं कुणी चुकवत नाही, आणि यशोदाबाई तर लांबच्या नात्यातलंही चुकवत नसत. सांगायचं, तर दोन वर्षांचं खोटं सांगावं लागणार. न सांगावं, तर ती बिचारी धुरपदाला जिवंत समजत राहणार.

ते पाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. “आयक व,” म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा छापलेलं होतं तेच वाचलं. वय, मुलं, सुना, नातवंडं, अंत्ययात्रेची वेळ.

“दोन महिना व्हई ग्यात,” ते म्हणाले. “तवय माले दखायनं नही. दोन वरीसपाईन बारीक काहीच दखास नही. मथळा वाचीसन बाकीनं मी मननं सांगस.”

यशोदाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “माले माहित शे. मी दारवर जाई उनू.”

“कव्हय?”

“बहीनकडे जास म्हनी सांगं व्हतं ना, तवय. तिनी सूनना फोन उन्हा व्हता.”

“मंग बोलनी कसं नही?”

“सून म्हने, पेपरमा छापेल शे. मी दुपारले वाट दखी, तुमी वाचशात म्हनीसन. तुम्हीन सांगं, बिबट्या पिंजरामा सापडना. तवय समजनं माले.”

“तरी रोज आयकाले बसस?”

“कसाले उठू? तुमी बसतस, म्हनीसन मी बसस.”

नानांना लाज वाटली, आणि त्या लाजेतही फार बरं वाटलं.

“बिबट्या सापडना का मंग?” यशोदाबाईंनी विचारलं.

“नही. केयीमा पळी गया.”

“चांगलं व्हयनं.” त्यांनी गॅस बारीक केला. “फोटो दखाडा.”

नानांनी पाटी पुढे धरली. पिठाची दोन बोटं ठेवून यशोदाबाईंनी ती हळूहळू फाकवली. धुरपदाबाईंचा चेहरा मोठा होत पाटीभर झाला. फोटोतल्या कपाळावर पीठ लागलं. तव्यावर भाकरी करपत होती, तरी दोघं तशीच उभी होती, आणि ते पीठ कुणीच पुसलं नाही.