गुरुवारचा राहुकाळ

आप्पाजी पोवार मूळचे निपाणीचे. पण बेंगळुरूच्या पीण्या भागात, कारखान्यांच्या वस्तीत, लेथचं वर्कशॉप टाकून त्यांना एकतीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिथली एक सवय त्यांच्या अंगात पार मुरली होती. राहुकाळाची. रोजचा तो अशुभ दीड तास. त्या वेळात हा माणूस नवं काम मशीनवर चढवायचा नाही, कशावर सही करायचा नाही, नवी चप्पलसुद्धा पायात घालायचा नाही.

"आमच्या निपाणीत कुणी बघत नव्हतं हे," त्यांची बायको चंपा म्हणायची. "तिथं माणसं जगली नाहीत होय?"

"तू गप गं," म्हणत आप्पाजी भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घालायचे. हातातलं काम मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा माणूस, पण इथं अक्कल गहाण.

दोन हजार एकवीसचा एप्रिल होता. शहरात दिवसभर ॲम्ब्युलन्स ओरडत होत्या. आणि यांची एकुलती एक मुग्धा दुबईत, नववा महिना भरलेला. जावई सुमंत पॉझिटिव्ह येऊन एका हॉटेलात कोंडलेला. पहिलटकरीण पोरगी घरात एकटी! फोनवर ती एरवी मोठ्या धीराची. पण त्या सोमवारी रडली. "आई, तू ये फक्त. काही करू नकोस, नुसती बाजूला बस. मला भीती वाटते गं."

पासपोर्ट, व्हिसा आधीच तयार होते. शनिवारी दुपारी अडीचच्या विमानाचं तिकीट मिळालं. चंपाने डिंकाचे लाडू वळले, अळीव, बाळंतशोपा बांधल्या, जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली. राहिली फक्त कोरोनाची टेस्ट. रिपोर्ट बहात्तर तासांच्या आतला पाहिजे, असं एजंटने सांगितलं होतं. घरी येऊन नमुना घेणारा लॅबचा योगीराज गुरुवारी दुपारी पावणेतीनला येणार होता.

आप्पाजींनी कॅलेंडर पाहिलं. गुरुवार, दीड ते तीन, राहुकाळ. झालं! पोरीच्या बाळंतपणाला निघालेली बाई, आणि तिच्या नाकात काडी घालायची ती नेमकी त्या वेळेला? जीव राहीना. चंपाला सांगितलं असतं तर ती हसली असती, म्हणून त्यांनी वर्कशॉपमधूनच गुपचूप फोन लावला. "योगीराज अण्णा, स्वल्प लवकर ये की. एकच्या सुमाराला."

"सरी अण्णा, येतो," तो म्हणाला. बिचारा एक वाजून पाच मिनिटांनी दारात हजर.

"लवकरच आला की हा!" चंपा म्हणाली.

"बरंच झालं, मोकळी झालीस," आप्पाजी म्हणाले आणि मनातल्या मनात खूश झाले.

संध्याकाळी बातमी आली, भारतातून दुबईला जाणारी सगळी विमानं शनिवारी मध्यरात्रीपासून बंद. आप्पाजींना धडकी भरली, पण क्षणभरच. आपलं विमान तर दुपारचं! वेळ चांगली साधली म्हणून असं झालं, असंही त्यांना वाटून गेलं. त्याच बातमीत खाली आणखी एक ओळ होती. तिच्याकडे या घरात कुणाचं लक्ष गेलं नाही. शुक्रवारी रिपोर्ट आला, निगेटिव्ह.

शनिवारी कर्फ्यूतल्या मोकळ्या रस्त्यांवरून, तिकीट दाखवत दाखवत दोघं विमानतळावर पोचली. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. आप्पाजी बाहेर काचेपाशी उभे राहिले. आत चंपाची ढकलगाडी रांगेत पुढे पुढे सरकताना दिसत होती. ती काउंटरशी पोचली आणि थांबली ती थांबलीच. मग आप्पाजींचा फोन वाजला.

"अहो, ही पोरगी काय म्हणते बघा की. रिपोर्ट चालत नाही म्हणते."

फोनवर काउंटरवरची मुलगी आली. आपलं नाव वेदिका सांगितलं आणि मराठीतच बोलली, पुण्याकडची असावी. "काका, गुरुवारपासून नियम बदललाय. नमुना घेतल्यापासून विमान सुटेपर्यंत अठ्ठेचाळीस तासच चालतात. काकूंचा नमुना एक पाचचा आहे. विमान अडीचचं. एक तास पंचवीस मिनिटं जास्त होतात."

पावणेतीन! पावणेतीनला घेतला असता तर पंधरा मिनिटं हातात राहिली असती.

"अगं बाई, पोरगी बाळंत व्हायचीय तिकडं," ते काचेला हात लावून म्हणाले. "तासाभराचं काय एवढं? साहेबांना विचार की."

"विचारलं काका, दोनदा विचारलं. सिस्टीमच घेत नाही. नवीन टेस्टचा रिपोर्ट यायला रात्र होईल, आणि रात्रीच्या विमानात एकही सीट नाहीये. मी खरंच काही करू शकत नाही." तिचाही आवाज पडला होता.

काचेपलीकडे चंपाने पदराने डोळे पुसले, दुपट्यांची पिशवी गाडीवरून उचलून पोटाशी धरली आणि ती आल्या वाटेने परत फिरली. बाहेर येताच म्हणाली, "त्या मेल्या योगीराजाला कुणी सांगितलं होतं लवकर यायला? त्याला दुसरीकडं जायची घाई असणार!"

आप्पाजींनी तोंड उघडलं. सांगून टाकावं, शिव्या खाव्यात, मोकळं व्हावं. पण "असंल," एवढंच ते म्हणाले. असा भेकडपणा त्यांनी उभ्या आयुष्यात केला नव्हता.

मुग्धाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असू दे आई. तू रडू नकोस." पोरीने आईची समजूत काढायची वेळ आली.

रविवारी चंपाने योगीराजला फोन लावला, चांगली खरडपट्टी काढायला. दोन मिनिटांत फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तो काय म्हणाला, हे विचारायचं धाडस आप्पाजींना झालं नाही. पिशवी सोफ्यावर तशीच होती. तिला कुणी हात लावला नाही.

बुधवारी दुपारी मुग्धाचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा सुकून गेलेला, केस कपाळाला चिकटलेले. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या.

"फार दुखलं गं आई," ती म्हणाली. "हात धरायलासुद्धा कुणी नव्हतं. मी पलंगाची दांडी धरून ठेवली होती." तिने फोन बाळाकडे वळवला. बाळ रडायला लागलं आणि चंपाचे दोन्ही हात आपसूक पुढे झाले. तसेच अधांतरी राहिले. मग तिने ते मांडीवर आणले.

"बाबा," मुग्धाने विचारलं, "आपल्या घड्याळात बारा चाळीसला झाली. वेळ चांगली आहे ना हो? तुम्ही बघता ना सगळं."

आप्पाजींनी कॅलेंडरकडे पाहिलं नाही. बुधवार, बारा ते दीड, राहुकाळ. त्यांना ते पाठच होतं. ते म्हणाले, "चांगली आहे बाळ. एकदम चांगली वेळ आहे."

चंपा बाळाकडेच बघत होती. नजर न काढता, हळू आवाजात, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पावणेतीनचीही चांगलीच होती हो."