जुन्याइतकाच मोठा आवाज

"काकू, नक्की काय ऐकायचंय तुम्हाला? सिनेमे, बातम्या की गाणी?" दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं, आणि ऑपरेटरबाईंनी तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं. "मला जुन्याइतकाच मोठा आवाज हवाय. कमी नको नि जास्तही नको."

असं गिऱ्हाईक कुठल्या दुकानदाराला आवडेल? पण हा माणूस चिवट होता. त्याने काउंटरवर दोन डबे शेजारी शेजारी मांडले आणि समजावायला सुरुवात केली. एक रिसीव्हर. त्यात सगळं एकाच ठिकाणी, टीव्ही जोडा, पाच स्पीकर लावा, सोफ्यावर बसून थिएटर. दुसरा नुसता ॲम्प्लिफायर. त्याला दोनच स्पीकर लागतात, आणि बाकी जे काही हवं ते वेगळं आणून जोडत बसायचं. "तुमच्या बजेटात रिसीव्हरच घ्या," तो म्हणाला. "तेवढ्याच पैशात किती काय काय मिळतंय बघा. शिवाय हा हुशार आहे. याच्यासोबत एक छोटा माइक येतो. तुम्ही बसता तिथे तो ठेवायचा, मग मशीन स्वतःच खोली मोजतं. बारीक आवाज उचलून देतं, मोठा दाबतं."

"त्याला म्हणावं, काही उचलू नकोस नि दाबू नकोस," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "आमचं जुनं असलं काही करत नव्हतं."

दुकानदाराने कपाळावर हात मारला नाही, एवढंच. "मग एक करतो," तो म्हणाला. "दोन्ही डबे माझ्या मेकॅनिकबरोबर पाठवतो. घरी लावून बघा. पटेल तो ठेवा."

बाई लगेच तयार झाल्या. खरं सांगायचं तर त्यांना डब्यांपेक्षा तो मेकॅनिकच जास्त हवा होता. त्यांना घरात, त्या एका खुर्चीवर बसायला, एक माणूस हवा होता. आणि असा माणूस त्यांच्याकडे नव्हता. मुलगा विमानाच्या अंतरावर. शेजारच्या बाईंना सांगावं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं असतं. शिवाय सांगणार तरी काय, "माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसा आणि मी स्वयंपाकघरात पुटपुटते ते ऐकू येतं का सांगा"? वेड लागलं म्हणाले असते लोक.

हे पुटपुटणं मात्र नीट समजून घ्यायला हवं. ऑपरेटरबाईंची बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आठ-आठ तास कानाला हेडफोन, तोंडात साखर. "थांबा हं, जोडून देते." "लाइन व्यस्त आहे, परत प्रयत्न करा." समोरचा शिव्या देवो नाहीतर रडो, आपला आवाज चढवायचा नाही. घरी आल्यावर कान नुसते ठणकायचे. आणि घरी कोण, तर नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन नवरा. तो दिवसभर टाचणी पडली तरी दचकावं अशा शांततेत मान खाली घालून रेघा मारायचा आणि घरी येऊन संगीताचा भडिमार सुरू करायचा. रोज तीन तास. रिटायर झाल्यावर तर घड्याळ लावून, चार वाजता सुरू, सात वाजता बंद. कपाटाएवढे दोन स्पीकर, मधोमध ॲम्प्लिफायर आणि तबकड्या वाजवायचा प्लेअर, समोर ती खुर्ची. ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणापाशी नवऱ्याने पेन्सिलने एक बारीक रेघ मारून ठेवली होती. आवाज त्या रेघेपर्यंत. रेघेच्या पुढे नाही, मागे तर नाहीच.

बाई भांडल्या नाहीत. भांडायची त्यांना सवयच राहिली नव्हती. त्या ओट्यापाशी उभ्या राहून पुटपुटायच्या. भाजी चिरताना, भांडी घासताना, दूध उतू जाऊ नये म्हणून त्याच्याकडे बघत असताना. "लग्न माझ्याशी केलंय की त्या खोक्याशी, देव जाणे." "मी इथे चक्कर येऊन पडले, तरी याला गाणं संपल्यावर कळेल." दिवसभर गिळलेलं सगळं तिथे बाहेर पडायचं, आणि बाहेरच्या खोलीतल्या त्या गदारोळात विरून जायचं. कुणाला त्रास नाही, आपलं मन मोकळं. छान सोय होती.

त्या दिवशी दुपारी डोकं भयंकर दुखत होतं. घेवड्याच्या शेंगा निवडत असताना बाहेर तारवाद्यांचा कल्लोळ चालला होता, आणि बाई म्हणाल्या, "हा माणूस गेला की निदान घरात शांतता तरी होईल."

म्हणाल्या, झालं. बोलायचं म्हणून बोलल्या. थोड्या वेळाने आवाज बंद पडला. चहा घेऊन बाहेर गेल्या तेव्हा ॲम्प्लिफायरचा दिवा लागलेला होता, तबकडी फिरत होती, पण आवाज नव्हता. "बिघडलं का हो?" त्यांनी विचारलं. "हं, गेलं," नवरा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, काही त्रास नाही.

त्याला दोन महिने झाले. मुलगा येऊन गेला. त्याने जुनं मशीन लावून बघितलं आणि निकाल दिला, "दिवा लागतो, आवाज नाही. आउटपुट गेलंय, आई. भंगारात टाक." जाताना म्हणाला, "एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल." बाई म्हणाल्या, बघू. खरी गोष्ट अशी, की घरात आता हवी तेवढी शांतता होती आणि त्या शांततेत ते एक वाक्य रोज चार वाजता ओट्यापाशी येऊन उभं राहायचं. ऐकलं असेल का त्यांनी? नसेलच. एवढ्या आवाजात कसं ऐकू येईल? पण नक्की कसं सांगणार? तेवढाच आवाज लावून, तिथेच माणूस बसवून एकदा बघितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागणार नव्हतं.

मेकॅनिक साडेतीनला आला. पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा, शर्टाच्या खिशात टेस्टर. आल्या आल्या त्याने स्पीकरांवर हात फिरवला आणि म्हणाला, "काकू, ही जोडी आता मिळत नाही. काकांना कळत होतं."

"त्यांना तेवढंच कळत होतं," बाई म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

त्याने आधी रिसीव्हर जोडला. माइक ठेवायला म्हणून विचारलं, "काकू, तुम्ही कुठे बसता?"  बाई या खोलीत कधी बसल्याच नव्हत्या. "खुर्चीवर ठेवा," त्या म्हणाल्या. मशीनने कूं कूं करून खोली मोजली. मग मेकॅनिकने नवऱ्याच्या कपाटातली एक तबकडी लावली.

"आता एक काम करा माझं," बाई म्हणाल्या.  "तुम्ही त्या खुर्चीत बसा. मी आत जाऊन नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलते. ऐकू येतं का, एवढंच सांगा."

मेकॅनिकला लोकांच्या घरी जायची सवय होती. लोक काय काय करायला सांगतात, ते त्याला ठाऊक होतं. तो निमूट बसला. बाई ओट्यापाशी गेल्या. ते वाक्य त्यांना उच्चारवेना. "साखर संपत आलीय," त्या म्हणाल्या. "गॅसवाल्याला फोन करायला हवा." मग बाहेर येऊन दारातच उभ्या राहिल्या.

"काय ऐकलंत?"

"काहीच नाही," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही बोललात का?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "हाच ठेवा," त्या म्हणाल्या. "रिसीव्हरच. फार छान आहे. पैसे आत्ताच देते."

दुसरा कुणी असता तर पैसे घेऊन चालता झाला असता. पण हा आपल्या कामाला जागणारा होता, आणि अशी माणसं कधी कधी फार नुकसान करतात. "थांबा काकू," तो म्हणाला. "तुम्ही दुकानात सांगितलंत जुन्याइतकाच आवाज हवा म्हणून. मी तर हा अंदाजाने मोठा लावलाय. जुना कुठे आहे? त्याचा आवाज किती असायचा ते बघू, मग तेवढाच लावून देतो."

बाई म्हणणार होत्या, राहू द्या. पण जुनं मशीन तिथेच खालच्या फळीवर होतं आणि मेकॅनिक आधीच गुडघ्यांवर बसला होता. त्याने बाहीने धूळ पुसली. पेन्सिलची रेघ दिसल्यावर तो हसला. "अशी माणसं आता राहिली नाहीत," तो म्हणाला. त्याने मशीन चालू केलं. दिवा लागला.

"गेलंय ते," बाई म्हणाल्या.

"कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले. आमचे हे."

मेकॅनिकने स्पीकरच्या आणि प्लेअरच्या वायरी रिसीव्हरमधून काढून जुन्याला जोडल्या, कान जवळ नेला, मग चष्मा वर करून समोरची बटणं एकेक न्याहाळली. खालच्या ओळीत डाव्या टोकाला एक चपटं बटण होतं. त्याने ते बोटाने आत दाबलं. टक्क आवाज झाला आणि खोली संगीताने भरून गेली.

"ठणठणीत आहे की," तो म्हणाला. "स्पीकर बंद होते नुसते. हे स्पीकरचं बटण. दाबलेलं असलं तर आवाज, बाहेर असलं तर गाणं आतल्या आत चालू राहतं, स्पीकर मुके. कुणी नीट बघितलं नसेल. हे बटण आपोआप बाहेर येत नाही, काकू, कुणीतरी दाबून बंद केलं असणार. मशीन बंद करायचं असतं तर हा मोठा स्विच होता की."

 या घरात दोनच माणसं राहत होती, आणि त्यातल्या एकीने त्या मशीनला आयुष्यात बोट लावलं नव्हतं.

त्यांना तो चहा आठवला. "बिघडलं का हो?" "हं, गेलं." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "उद्या दुरुस्तीला देऊन टाका." आणि नवरा म्हणाला होता, "असू दे. थोडे दिवस राहू दे बंद." त्या वेळी चेहरा कसा होता त्यांचा? बाईंनी बघितलाच नव्हता. त्यांना बरं वाटलं होतं. कप ठेवून त्या आत जाऊन आडव्या झाल्या होत्या आणि डोकेदुखी थांबली होती. बाहेरच्या खोलीत तो माणूस सात वाजेपर्यंत मुक्या स्पीकरांसमोर, फिरणाऱ्या तबकडीकडे बघत बसून होता.

आणि मग बाकीचंही धडाधड आठवायला लागलं. ओट्यापाशी उकडतं म्हणून पुटपुटल्या, त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात पंखा लागला होता. "माझ्या बहिणीला बघून तीन वर्षं झाली," असं एकदा चिमणीला सांगावं तसं खिडकीला सांगितलं होतं, तर नवऱ्याने रविवारी तिकिटंच हातात ठेवली होती. बाईंना वाटायचं, योगायोग. फार तर वाटायचं, या माणसाला कधी कधी सुचतं बरं. बत्तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला आपल्याच घरातली लाइन चालू आहे हे कळलं नव्हतं.

"आता बरोबर रेघेवर आहे आवाज," मेकॅनिक म्हणाला. "आत जाऊन बोलून बघा. मी बसतो परत."

"नको आता," बाई म्हणाल्या.

"एवढा मोठाही नाहीये तसा. मला वाटतं ऐकू येईल."

"येतं," बाई म्हणाल्या. "येतं ऐकू."

त्यांचा आवाज ऐकून मेकॅनिक उठला. त्याने दोन्ही डबे परत बांधले. बाईंनी चहाचं विचारलं, पण त्याला पाच वाजता दुसरीकडे जायचं होतं. दारात तो घुटमळला. "काही लागलं तर फोन करा काकू," तो म्हणाला, आणि एका कागदावर नंबर लिहून दिला. मग त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली.

घरात संगीत चालू होतं. खुर्ची रिकामी होती. बाईंना तिच्यात बसवेना. त्या स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात ओट्यावर टेकले. आवाज खरंच फार मोठा नव्हता. इतकी वर्षं तो मोठा वाटत होता खरा.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या, एरवी पुटपुटायच्या तेवढ्याच आवाजात. "मग रागवायचं होतंत माझ्यावर. मी बाहेर आले असते."

बाहेर तबकडी संपेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.