एका टिंबावर हसलेली माणसं

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझ्या अंगाला वास येतो. ओल्या मोज्यांचा, गुडघ्याला चोळायच्या मलमाचा आणि कुबट टॉवेलचा. मी एक जुना गुंडाळी फळा आहे. जाड कापडावर काळ्या रंगाचे चार हात देऊन आणि दोन्ही टोकांना लाकडी दांड्या ठोकून मला तयार केलं, तेव्हा मला फक्त ताज्या रंगाचा वास होता. आता मात्र ज्यांना नाक आहे त्यांनी जरा लांबच बसावं.

पहिली एकोणीस वर्षं मी बाईंच्या वर्गात काढली. बाई प्राथमिक शाळेत भाषा शिकवायच्या. त्यांचे यजमान कॉलेजात तोच विषय शिकवायचे, त्यांना सगळे सर म्हणत. दोघं पाठोपाठ निवृत्त झाले. मुलं आपापल्या संसाराला लागलेली. घरात बसून एकमेकांची तोंडं तरी किती बघणार? मग दोघांनी बेत केला. एखाद्या गावी जायचं, दीड-दोन महिने राहायचं. तिथे परप्रांतातून कामाला आलेल्या मोठ्या माणसांना आठवड्यातले चार दिवस भाषा शिकवायची आणि उरलेले दिवस भटकायचं. राहायला एक खोली मिळाली की झालं. वर्षातले आठ महिने घराला कुलूप.

लोक म्हणायचे, "काय नशीब काढलंय दोघांनी!" त्यांनी एकदा सरांच्या बॅगेतून प्रवास करून दाखवावा. बाई घड्या घालतात, सर कोंबतात. मी नेहमी सरांच्या वाट्याला. एका लॉजमध्ये त्यांनी मला न्हाणीघरात वाळत टाकलं होतं. खाली मोरीच्या जाळीत आधीच्या पाहुण्याच्या केसांचा गुंता, आणि माझं टोक बरोबर त्यात. वर्गात डस्टर सापडलं नाही की सर बोटाला थुंकी लावून अक्षर पुसत. जन्मभर भाषा शिकवलेला माणूस, आणि थुंकीने! मला शिसारी यायची. पण मित्रांनो, ती किळस अंगावरची होती. ओल्या फडक्याने थोडीफार निघायची.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या गेस्ट हाऊसवर उतरलो. मॅनेजरने कोपऱ्यातली खोली दिली आणि नोकरमंडळींच्या वर्गासाठी चादरी ठेवायची खोली रिकामी करून दिली. स्वयंपाकी, वॉचमन, इस्त्रीवाला असे सहा-सात जण येत. त्यांत लाद्या पुसणाऱ्या एक मावशी होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. बोलणं मोडकंतोडकं, पण वर्ग कधी चुकवला नाही. खडू हातात घेण्याआधी त्या दोन्ही हात एप्रनला पुसून कोरडे करत. इतक्या अदबीने मला क्वचितच कुणी हात लावला असेल.

सातव्या आठवड्यात एका दुपारी बाई पुढच्या प्रवासाची तिकिटं काढायला गेल्या होत्या. वर्ग सरांनी घेतला. "मावशी, घरच्यांबद्दल तीन वाक्यं लिहा," ते म्हणाले. मावशींनी जीभ दातांत धरून, अर्धा तास खपून लिहिलं:

"माझी मुलगी लांबच्या गावात शिंकते. ती खूप हुशार शिंकते. ती अजून चार वर्षं शिंकावी म्हणून मी लाद्या पुसते."

सरांनी वाचलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "वा, छान!" एवढंच ते म्हणाले. चूक दाखवली नाही, टिंब पुसलं नाही. मला वाटलं, नजरचूक असेल.

नजरचूक नव्हती. संध्याकाळी जेवणघरात सरांचा 'प्रवासातल्या गमती' असा कार्यक्रम होता. खडू पुसला जाऊ नये म्हणून त्यांनी मला न गुंडाळता, दोन्ही हातांनी धरून जिना उतरून नेलं. इतक्या जपून त्यांनी मला कधीच धरलं नव्हतं. तीस-पस्तीस पाहुण्यांसमोर टांगलं, वाक्यं मोठ्याने वाचली, आणि प्रत्येक 'शिंकते'ला रुमाल काढून जोरात शिंकून दाखवलं. माणसं पोट धरून हसली. एकाच्या तोंडातला घास ताटात उडाला, तरी तो हसतच होता.

दाराशी मावशी उभ्या होत्या, हातात बादली. त्यांनी आपलं अक्षर ओळखलं. लोक का हसताहेत ते त्यांना कळलं नाही, पण सगळे आनंदात दिसले, म्हणून त्याही हसल्या. शेजारच्या एका पाहुणीकडे बघून अभिमानाने म्हणाल्यासुद्धा, "मी लिहिलं."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच किळस आली. ती अक्षरं माझ्याच अंगावर होती ना!

बाई मागच्या रांगेत होत्या. त्या ताट तसंच टाकून उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी बाईंना गाठलं. "बाई, काल गंमत काय होती? मला पण सांगा."

बाईंना खोटं सांगता आलं असतं. पण त्यांनी माझ्यावर 'शिकते' आणि 'शिंकते' असे दोन शब्द लिहिले आणि अर्थ समजावला. मावशींनी ते टिंब बोटाने पुसलं. बोटाकडे बघत म्हणाल्या, "एवढ्याशासाठी एवढं हसले?" आणि मग, "सरांना दुपारीच कळलं होतं?"

"हो," बाई म्हणाल्या.

मावशी त्या दिवशी वर्गाला आल्या नाहीत.

खोलीत सर कपडे भरत होते. बाई म्हणाल्या, "मी येत नाही. तुमची मला किळस आलीये."

"अगं, गंमत होती ती. मी कुणाचं नाव तरी घेतलं का?"

"अक्षर तिचं होतं. आणि चूक दिसत असून तुम्ही ती जपून ठेवलीत. आपण हे शिकवायला आलो होतो?"

सर तणतणले, चिडले, दोन दिवस अबोला धरून बसले. गाडी चुकली, तिकिटं वाया गेली. बाई हलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी सर स्वतःच जेवणघरात गेले. मी बाईंच्या काखेत होतो, म्हणून सगळं पाहिलं.

"मावशी, माझं चुकलं."

मावशी लादी पुसतच राहिल्या. "काय चुकलं ते सांगा ना. माझं चुकलं तेव्हा तुम्ही सगळ्यांना दाखवलंत."

नाश्ता करणारे लोक वळून बघू लागले. सरांचा चेहरा लाल झाला. "यांनी... यांनी मुलीबद्दल लिहिलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "चूक मला दिसली होती. मी ती सांगितली नाही. लोकांना हसवायला ठेवली."

मावशींनी फडकं पिळलं. "बरं," त्या म्हणाल्या. "तुमच्या वर्गात मी नाही येणार. बाईंच्या येते."

त्यांनी माफ केलं की नाही, मला माहीत नाही. सर एकटेच पुढच्या गावी गेले, बाई आणखी तीन आठवडे राहिल्या. शेवटच्या दिवशी मावशींनी मुलीला पानभर पत्र लिहिलं. त्याचा कच्चा मसुदा आधी माझ्यावर झाला. त्यात काय होतं ते मी सांगणार नाही. आजवर माझ्यावरचं खूप काही लोकांना दाखवलं गेलं, हे तरी राहू दे.

बाई जाताना मला मावशींकडे ठेवून गेल्या. सर अजूनही गावोगाव शिकवतात म्हणे.

मित्रांनो, फळ्याला कोरडं ठेवा, थुंकी लावू नका, एवढं सांगायचा मला हक्क आहे. पण त्याहून मोठी विनंती अशी, की कुणी नव्या भाषेत भीतभीत पहिलं वाक्य लिहिलं आणि ते चुकलं, तर त्याच्या शेजारी बसा. आवाज खाली घ्या. आणि चूक त्याला एकट्यालाच दाखवा.