राही, पूर्णगड, खालची वाडी

“मावशी, ही आमच्या वाडीतली राही काय वो? काय झालंय तिला?”

ओमकारनं विचारलं आणि मालननं हातातला चहा तसाच खाली ठेवला. दवाखान्यातलं झेरॉक्सचं मशीन भाड्याचं. पाच वर्षांचा करार संपला म्हणून कंपनीनं ओमकारला ते मिरजोळ्याच्या गोदामात न्यायला पाठवलं होतं. चालतंय का बघायला त्यानं बटणं दाबली, तर पडद्यावर नावांची ही लांबलचक यादी!

मालननं धावत जाऊन पडद्यावर पंजा ठेवला. “बघू नको मेल्या!”

बायकांच्या त्या दवाखान्यात बावीस वर्षं कागदपत्रं सांभाळताना तिच्या तोंडून कुणाचं नाव बाहेर गेलं नव्हतं. सख्ख्या नणंदेनं खोदून खोदून विचारलं तरी ही आपली ढिम्म. झेरॉक्स काढली की काचेवर कागद राहिला नाही ना, हे दोनदा बघायची. आणि आज कळतंय काय, तर या मशीनच्या बयेनं एकेक कागद पोटात ठेवलाय! त्यात शहाणपण मालनचंच. अर्ध्या गावाचं आडनाव एकच, एकीचा रिपोर्ट दुसरीला जायला नको, म्हणून स्कॅन करताना नाव, गाव, वाडी सगळं हिनंच घातलेलं. मालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पुढं कुठं जाणार हे?”

“मागेल त्याला भाड्यानं.”

“मग आधी आतलं सगळं पूस.”

“काढून टाकतो, दोन मिनिटांत.”

“काढलेलं परत येतं काय?”

ओमकारनं मान खाजवली. “येतं, जाणत्याला. पक्कं पुसायचं तर तीन तास लागतील. खाली टेंपोवाला बोंबलतोय.”

“बोंबलू दे. मशीन तुमचं हाय, यातल्या बायका नाय तुमच्या. पुसल्याशिवाय मी नेण्याच्या कागदावर सही करायची नाय.”

त्यानं साहेबांना फोन लावला. मालननं तो हातातून घेतला आणि हेच त्यांनाही ऐकवलं, जरा चढ्या आवाजात. मग ओमकार गुमान कामाला लागला.

ती मशीनसमोर स्टूल टाकून बसली. टेंपोवाल्याला वर बोलावलं, डब्यातले घावणे दोघांना वाढले. अडीच वाजता पुसून झालं. तिनं यादी पुन्हा उघडायला लावली. एक नाव नव्हतं. मग कुठं सही ठोकली. मुलीचं लग्न पार पडल्यावरही तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

मशीन टेंपोत चढवून ओमकार परत वर आला.

“मावशी, राहीचं काय ते सांगा की. गावचीच हाय.”

“कोण राही?” मालन म्हणाली.

तो हसला, पण गेला नाही. दाराशीच घुटमळला.

“आमच्या आईला दाखवायचं होतं. वर्ष झालं, नको म्हणते. गावात कळंल म्हणते.”

काय होतंय ते मालननं विचारलं नाही. तिनं वहीत उद्याचं पान काढलं.

“दहाला घेऊन ये, गर्दी नसते,” ती म्हणाली. “आणि तू बाहेर बसायचंस.”