आठातले सव्वातीन

धाकट्या दिराने लॅपटॉपच्या पाठीचा शेवटचा स्क्रू आवळला, हात झटकले आणि अवघड शस्त्रक्रिया पार पडल्याच्या थाटात जाहीर केले, की मेमरी आता दुप्पट झाली आहे, वहिनीने डोळे मिटून काम करावे. घरात त्याला तज्ज्ञ म्हणत. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला बहाल केली होती आणि काढून घेण्याचा खटाटोप नको म्हणून घरच्यांनी ती चालवून घेतली होती.

वहिनीने डोळे उघडे ठेवून काम सुरू केले. नक्षीतल्या वेलीची तिसरी फांदी सरकवताच पडद्यावर नेहमीचीच सूचना आली: मेमरी अपुरी आहे.

ती कापडावरच्या छपाईची नक्षी करी. बरीच वर्षे गिरणीच्या नक्षी विभागात काढल्यावर तिने राजीनामा दिला होता, आणि गिरणीचा संगणक गिरणीला परत करून घरातल्या या जुन्या लॅपटॉपवर स्वतःचा व्यवसाय मांडला होता. निघताना विभागप्रमुख म्हणाले होते, की घरी बसून पडद्यांची नक्षी होत नसते, फार तर पडदे धुऊन होतात. तरीही पहिले मोठे काम त्यांनीच दिले. एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे. कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकच वेल, आणि पूर्ण मापाची फाइल सोमवारी सकाळी हवी. जमले नाही तर काम विभागाकडे परत. "तुझ्या खुर्चीवर अजून कोणाला बसवलेलं नाही," असेही ते म्हणाले होते, अगदी मायेने. त्या मायेनेच तिची झोप उडाली होती.

आज शुक्रवार होता. फाइल अख्खी उघडतच नसल्यामुळे ती वेलीचे तुकडे करून एकेक रंगवत होती.

तिने यंत्राची माहिती उघडली आणि लॅपटॉप दिराकडे फिरवला. बसवलेली मेमरी आठ जीबी, असे तिथे लिहिले होते; आणि पुढे, वापरण्याजोगी सव्वातीन. तज्ज्ञाने पडदा अंगठ्याने पुसून पाहिला. आकडा पुसला गेला नाही.

"भाऊजी, काल चार होती, तेव्हाही सव्वातीनच होती."

"म्हणजे घसरण तरी नाही," तो म्हणाला.

मग मात्र त्याने फोनवर बरेच वाचले आणि उतरल्या चेहऱ्याने खुलासा केला. लॅपटॉपमधली प्रणाली जुन्या घडणीची, बत्तीस बिटांची होती. मेमरीतल्या प्रत्येक जागेला पत्ता लागतो आणि या प्रणालीला चार जीबीपुढचे पत्ते लिहिताच येत नाहीत. त्या चारातलेही काही पत्ते पडदा आणि इतर भाग आधीच अडवून बसतात. उरतात ते सव्वातीन. वर कितीही मेमरी ठोकली तरी ती जिना नसलेल्या मजल्यासारखी. भाडेकरू खालीच दाटीवाटीने राहणार. चौसष्ट बिटांची प्रणाली घातली की सगळे मजले उघडतील, यंत्राची त्याला ना नाही, आणि काम एका दुपारचे आहे.

मग हे आधीच का केले नाही, असे तिने विचारल्यावर त्याने आवाज खाली आणला. "स्थगिती आहे ना."

तिचे सासरे दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले होते. घरात त्यांना साहेब म्हणत, पण ते ऐकू येणार नाही अशा बेताने. लॅपटॉप मूळचा त्यांचा. फार पूर्वी थोरल्या मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, प्रणाली बदलू या असे सुचवले होते आणि साहेबांनी जागच्या जागी स्थगिती दिली होती. कारण पुढे सगळे विसरले; त्या घरात आदेश कारणांपेक्षा दीर्घायुषी असत. नवऱ्याला विचारावे तर बाप आणि बायको यांच्यातील कोणत्याही वादात त्याला नेमके तेव्हाच दाढीला जायचे असे.

लॅपटॉप घेऊन ती एकटीच साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी चष्मा लावून तिचे म्हणणे ऐकून घेतले, मध्येच थांबवून जीबी म्हणजे काय ते विचारले, ते पुन्हा विचारले, आणि मग कारण सांगितले. लॅपटॉपमध्ये बुद्धिबळाचा एक पुरातन खेळ होता. तो नव्या प्रणालीत चालत नाही, हे त्यांनी तेव्हाच माहीतगाराकडून वदवून घेतले होते. आणि त्या खेळात त्यांचा एक डाव अर्धा होता.

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे," ते म्हणाले.

तिने डाव उघडून दाखवायला सांगितले. रोज संध्याकाळी लॅपटॉप तासभर साहेबांकडे जाई, तेव्हा ते खेळतात असे सर्वांना वाटे. प्रत्यक्षात पटावर कित्येक महिन्यांत एक प्यादेही हलले नव्हते. साहेब रोज डाव उघडत, न्याहाळत आणि पुढची तारीख देऊन बंद करत. तिला बुद्धिबळ बेताचेच येई, पण नक्षीत कुठे जागा उरली नाही हे तिला चटकन दिसे. साहेबांचा पांढरा राजा कोपऱ्यात होता, स्वतःच्याच प्याद्यांनी कोंडलेला, आणि काळा वजीर एका चालीवर. चाल साहेबांची होती. कोणतीही केली तरी पुढची चाल मात देणारी.

"बाबा, यात तुम्ही हरलाय."

"निकाल लागेपर्यंत कोणीही हरलेलं नसतं."

"मग माझाही निकाल सोमवारी आहे," ती म्हणाली. "आणि माझा डाव अजून जिंकता येण्यासारखा आहे. तुमच्या हरलेल्या डावासाठी मी माझा हरायचा का?"

साहेबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. उभ्या हयातीत त्यांनी असंख्य पक्षकारांना हरवले होते. स्वतः पक्षकार म्हणून हरायची सवय मात्र त्यांनी कधी लावून घेतली नव्हती. शेवटी त्यांनी तिला दाराबाहेर उभे राहायला सांगितले. अशा गोष्टी, ते म्हणाले, बंद दाराआड होतात. आतून माऊसचा एकच खटका ऐकू आला. मग साहेब लॅपटॉप दोन्ही हातांत धरून बाहेर आले. "स्थगिती उठवली आहे. आणि त्या तज्ज्ञाला सांग, आधी फाइलींची प्रत काढून ठेव. त्याच्या हाताला गुण नाही."

शनिवारी दुपारी नवी प्रणाली चढली. आठ जीबीपैकी पावणेआठ वापरण्याजोगी असल्याचे तज्ज्ञाने मिरवून दाखवले. उरलेली पाव कुठे गेली, असे साहेबांनी लगेच विचारले. पडद्यासाठी राखून ठेवावी लागते, असे उत्तर आल्यावर, खर्च वजा जाता इतके हाती लागणे हा चांगलाच निकाल म्हणायचा, असे त्यांनी नोंदवले.

तिने फाइल उघडली. प्रथमच वेल अख्खी दिसली, आणि प्रथमच दिसले की ती मध्यावर तुटली आहे. तुकड्यांत काम केल्यामुळे डावा भाग उजव्यापेक्षा पानभर खाली सरकला होता. हे असेच छापले गेले असते तर हॉटेलच्या प्रत्येक खोलीत दोन पडदे एकमेकांशी भांडल्यासारखे लटकले असते. तिने कपाळाला हात लावला, मग तोच हात माऊसवर ठेवला.

रविवारी ती फांद्यांमागून फांद्या जुळवत असताना साहेब दारात येऊन उभे राहिले. तज्ज्ञाने नव्या प्रणालीत नवे बुद्धिबळ घालून दिले होते. आदल्या संध्याकाळी त्या खेळाने साहेबांना चहा निवायच्या आत मात दिली होती, आणि जुन्या खेळाला कमी आठवायचे म्हणून तरी माणुसकी होती, असे साहेबांचे मत झाले होते. त्यांना त्या निकालावर अपील करायचे होते. तासभर लॅपटॉप मिळेल का, असे त्यांनी अदबीने विचारले.

वेलीचे शेवटचे पान जागेवर बसत होते. तिने मान वर केली नाही.

"आज नाही, बाबा. पुढची तारीख."

हे वाक्य साहेबांना तोंडपाठ होते, ऐकले मात्र कधी नव्हते.

"कधीची?" त्यांनी विचारले.

"सोमवार. फाइल गेल्यावर."

त्यांनी मान डोलावली आणि कोणत्याही पक्षकाराने निघावे तसे, दार हलकेच ओढून घेत, ते निघून गेले.