पांढऱ्या तळाचा टोप

काकूंना वास येत नाही हे घरात कळलं, त्या दिवशी सगळे हसले.

मी गॅसवर होतो. माझ्यात बटर तडतडत होतं आणि काकू हातभर अंतरावर उभ्या होत्या. बटर सोनेरी झालं, तांबूस झालं, मग काळं पडलं. काकू आपल्या शांतपणे ढवळत राहिल्या. बाहेरच्या खोलीतून काका ओरडले, "अगं, काय जाळतेस? नाक गहाण ठेवलंस का कुठे?"

काकूंनी गॅस बंद केला. माझ्यावर वाकून एक लांब श्वास घेतला, मग दुसरा. धुरानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नाकाला काही कळलं नाही.

"अहो, मला वासच येत नाहीये," त्या म्हणाल्या.

"बरं झालं की. आता माझे मोजे तुझ्या उशाशी ठेवतो."

त्यांची मुलगी खो खो हसली. काकूही थोड्या हसल्या. डॉक्टरकडे जाऊ या, असं कोणीच म्हणालं नाही.

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. एका दांडीचा, बाहेरून निळा, आतून पांढरा. कारखान्यात लोखंडी पत्र्यावर मुलामा चढवून मला भट्टीत भाजलं. माझ्या काठावर एक काळा ठिपका राहिला, म्हणून मला खोट असलेल्या भांड्यांच्या ढिगात टाकलं. काकूंनी मला तिथून उचललं. दुकानदार म्हणाला, "ताई, डाग आहे त्याला." काकू म्हणाल्या, "मला काठ नाही बघायचा, तळ बघायचाय."

काकूंचा केक सगळ्या गल्लीला माहीत होता. साधाच केक, पण त्यातलं बटर त्या आधी माझ्यात भाजून घेत. मंद आचेवर बटर वितळतं, तडतड करतं. त्यातलं पाणी उडून गेलं की आवाज बसतो आणि दुधाचे कण तळाशी जमतात. त्याला बेरी म्हणतात. ही बेरी तांबूस झाली पाहिजे, काळी नाही. काळ्या भांड्यात ते दिसत नाही, म्हणून माझा पांढरा तळ. पण ऐन वेळी वर फेस येतो आणि तळही झाकला जातो. तिथून पुढे सगळा कारभार नाकाचा. भाजलेल्या बदामासारखा वास आला की लगेच मला उतरवायचं आणि बटर थंड वाडग्यात ओतायचं. माझ्यातच ठेवलं तर माझ्या अंगच्या उष्णतेनं ते जळतं. माझा तसा हेतू नसतो, पण जळतं.

अठरा वर्षं काकूंनी एकदाही ती वेळ चुकवली नाही. काका पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे केक नंतर, आधी वास वाढतात." कौतुक केकचं व्हायचं. मला काकू मऊ फडक्यानं पुसून खिळ्याला अडकवायच्या. मला तेवढं पुरत होतं.

वास गेल्यावर काकूंनी एक युक्ती काढली. काकांना स्वयंपाकघराच्या दारात उभं करायचं. वास आला की काकांनी "आता" म्हणायचं आणि काकूंनी मला उचलायचं. काका कुरकुरत. "मी काय नाक भाड्यानं दिलंय?" पण उभे राहत. काकू पाठमोऱ्या, दांडीवर हात ठेवून, कान मागे लावून थांबत. "आता" ऐकलं की क्षणात ओतत. काही महिने केक पहिल्यासारखाच होत राहिला. बाहेर कोणाला काही कळलं नाही.

मग मुलीला दूरच्या गावी नोकरी लागली. निघायच्या दिवशी काकांची थोरली बहीण आणि तिचे यजमान भेटायला आले. काकूंनी मुलीसाठी नवा पत्र्याचा डबा आणून ठेवला होता. त्यात केक भरून द्यायचा होता. चार दिवस त्या तेच बोलत होत्या.

मी गॅसवर चढलो. काका दारात उभे राहिले. त्यांच्या बहिणीनं मागून विचारलं, "हे काय रे, पहारा?"

"हिला वास येत नाही ना. मी 'आता' म्हणेपर्यंत ही जागची हलत नाही. बघायचंय गंमत?" काका कुजबुजले.

बदामाचा वास आला. काकांना आला, हे मला माहीत आहे, कारण त्यांनी बहिणीला डोळा मारला. ते गप्प राहिले. काकूंचा हात माझ्या दांडीवर होता. बेरी तांबूस झाली, तपकिरी झाली. फेसाखाली मी ओरडू शकत नव्हतो. मित्रांनो, भांड्याला तोंड असतं, पण आवाज नसतो.

"आता," काका म्हणाले, तेव्हा बेरी काळी झाली होती. काकूंनी घाईघाईनं बटर ओतलं. गडद रंग बघून त्या जरा थांबल्या. "जास्त नाही ना झालं हो?"

"छे! एकदम फर्मास."

मागे पदर तोंडाला लावून बहीण हसत होती.

केक झाला. बहिणीनं घास घेऊन सांगितलं, "वहिनी, चूल खाल्ल्यासारखं वाटतंय गं." यजमान म्हणाले, "आपले दात तेवढे मोजून घ्या." मग काका पोट धरून हसले आणि काकूंसमोरच सगळी गंमत सांगून मोकळे झाले. मुलगी तेव्हा आतल्या खोलीत बॅग भरत होती. तिनं ते ऐकलंच नाही. बाहेर येऊन तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि बशीत परत काढला. "आई, राहू दे. तिकडे विकत मिळतो."

डबा रिकामाच राहिला. काकूंनी मला घासलं. पहिल्यांदाच तारेच्या घासणीनं घासलं. तळाचा टवका उडाला. मग त्यांनी मला सिंकखाली, जुन्या चिंध्यांमागे ठेवलं.

तिथे अंधारात मी पुढचं सगळं ऐकलं. काकूंचं डोकं दुखायचं, तोल जायचा. शेवटी डॉक्टरकडे नेलं. काका बहिणीला फोनवर सांगत होते, "डोक्यात गाठ आहे. डॉक्टरनं विचारलं, वास कधीपासून येत नाही? मी म्हटलं, झाले असतील दोन महिने." दीड वर्ष झालं होतं. पाच आठवड्यांनी काकू गेल्या.

दिवसकार्यानंतर मुलगी पहिल्यांदाच घरी येणार होती. त्या सकाळी काकांनी मला बाहेर काढलं. बटर घातलं, गॅस लावला आणि दारात आपल्या जागी जाऊन उभे राहिले. आवाज बसला. वास अगदी बरोबर वेळी आला.

"आता," काका मोठ्यानं म्हणाले.

आणि तसेच उभे राहिले. मला उतरवायचं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. "आता," ते पुन्हा म्हणाले. धूर घरभर झाला, तेव्हा कुठे त्यांचा हात गॅसकडे गेला.

मुलगी बॅग घेऊन दारात आली. तिनं माझ्यात डोकावून पाहिलं. "आईसारखंच केलंत की, बाबा," ती हळूच म्हणाली. "तिला शेवटी काही कळेनासंच झालं होतं, नाही? माझा केकसुद्धा जाळला बिचारीनं."

काकांनी माझी दांडी घट्ट धरली. त्यांचे ओठ हलले.

"हो," ते म्हणाले.

मित्रांनो, भांडी जपून वापरा, तारेनं घासू नका. आणि तुमच्या भरवशावर कोणी पाठ करून उभं असेल, तर त्याला वेळेवर खरं सांगा. जळलेला तळ भिजत घातला तर सुटतो.

मी अजून सिंकमध्ये तसाच आहे. मुलगी उद्या परत जाणार आहे. काकांनी तिला अजून सांगितलेलं नाही.